रात्री दोन ते आठ, आणि भाड्याची जागा

ज्यांचं वय आज पस्तीस-चाळीसच्या पुढं आहे आणि ज्यांच्या घरी, दुकानात किंवा कॉम्प्युटर क्लासमध्ये तेव्हा बीएसएनएलचा ब्रॉडबँडचा डबा लुकलुकत होता, त्यांना 'दोन ते आठ' म्हणजे काय हे सांगावं लागणार नाही. बाकीच्यांसाठी थोडं मागं जातो. पोस्ट मोठी आहे, निवांत वाचा.

देशात सामान्य माणसासाठी इंटरनेट आलं १५ ऑगस्ट १९९५ ला, तेही मोठ्या शहरांत. आपल्याकडं ते पोचायला वेळ लागला. आधी फोनच्या लाईनवर किरकिर आवाज करत जोडलं जाणारं, संचारनेटचं कार्ड घेऊन चालणारं. मग जानेवारी २००५ मध्ये बीएसएनएलचं ब्रॉडबँड सुरू झालं आणि हळूहळू तालुक्याच्या गावी आलं. ब्रॉडबँड म्हणजे काय, हे सरकारने २००४ च्या धोरणात ठरवून टाकलं होतं: २५६ केबीपीएस. आज पोरांना हा आकडा सांगितला तर हसतात. त्या वेगानं ७०० एमबीची एक सीडी उतरवायला सव्वासहा तास लागायचे. शिवाय महिन्याचा कोटा असायचा, तो संपला की एकेका एमबीला पैसे. म्हणून पाचशेवाला प्लॅन लोकप्रिय झाला. त्यात रात्री दोन ते सकाळी आठ कितीही उतरवा, हिशोब नाही. सहा तास. म्हणजे एका रात्रीत एक सीडी, तीही पंधरा मिनिटं कमीच पडायची!

२००७ साली वेग २ एमबीपीएस केला तेव्हा सगळे खूश झाले. पण दिवसाचा कोटा तसाच तुटपुंजा. त्या वेगानं एक जीबी सव्वा तासात संपायचा. वेग वाढल्यामुळं बिल वाढलं, असं सांगणारे मला तेव्हा कितीतरी भेटले. त्यामुळं दोन ते आठचं महत्त्व उलट वाढलं. रात्री पावणेदोनचा गजर लावून उठणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि ती पाण्याची पाळी धरायला उठलेली नव्हती.

आता यात आपल्या जिल्ह्याची एक अडचण मिसळा. लोडशेडिंग. त्या काळात ग्रामीण भागात दिवसाचे बारा-बारा तास लाईट नसायची आणि रात्रीचाही भरवसा नव्हता. पाच तास उतरवलेली फाईल लाईट गेल्यावर जिथल्या तिथं मरायची. पुन्हा पहिल्यापासून.

फाईली असायच्या कुठं? तर रॅपिडशेअर नावाच्या परदेशी साईटवर. जगातला कुणीही तिथं फाईल ठेवायचा आणि दुवा वाटायचा. फुकट्या गिऱ्हाईकाला तिथं रांगेत उभं करायचे. थांबा, एवढे सेकंद. मग चित्रातली वेडीवाकडी अक्षरं ओळखा. एक काळ तर असा होता की 'ज्या अक्षरांवर मांजर बसलंय तेवढीच लिहा' असं म्हणायचे. (मांजर की कुत्रं, हे ठरवताना आम्ही दोघंतिघं डोळे फोडायचो.) एका वेळी एकच फाईल, आणि अर्ध्यात तुटली तर पुढं जोडून घ्यायची सोय नाही. मोठी वस्तू असेल तर तिचे शंभर-शंभर एमबीचे तुकडे, सातही तुकडे मिळाल्याशिवाय उघडायची नाही.

या सगळ्यावर जगभरच्या पोरांनी एक तोड काढली, आणि ती आपल्या तालुक्यापर्यंत आली. तोड अशी: वेबसाईट ठेवण्यासाठी जी जागा भाड्यानं मिळते, म्हणजे होस्टिंग, ती घ्यायची. पण तिच्यावर वेबसाईट ठेवायची नाही. तिथं एक छोटा प्रोग्राम टाकायचा. रॅपिडलीच हे त्यातलं गाजलेलं नाव. त्या प्रोग्रामला दुवा दिला की तो तिकडच्या तिकडं, अमेरिकेतल्या सर्व्हरवरून, रॅपिडशेअरची फाईल ओढून आपल्या भाड्याच्या जागेत ठेवायचा. आपल्याला जे सहा तास लागायचे ते तिथं काही मिनिटांत व्हायचं, कारण त्या सर्व्हरची लाईन जाडजूड. मग आपल्या जागेतून आपल्या घरी फाईल आणायची रात्री दोननंतर, डाऊनलोड मॅनेजर लावून. लाईट गेली? जाऊ दे. आली की जिथं थांबलं तिथून पुढं. मार्केट यार्डातून माल आधी आपल्या गोडाऊनला आणून ठेवायचा आणि रस्ता मोकळा असेल तेव्हा टेम्पोनं घरी न्यायचा, असा साधा व्यवहार.

आमच्या गावात हा उद्योग पहिल्यांदा केला एका क्लासवाल्या सरांनी. एमएस-सीआयटी सुरू झाल्यावर गल्लोगल्ली जे क्लास निघाले, त्यातला हा. सरांचं नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. मी तेव्हा एका साप्ताहिकात होतो, पत्रकारितेचा डिप्लोमा नुकताच झालेला. पानं लागली की सीडी घेऊन सरांकडं जायचो, कारण ऑफिसात नेट नव्हतं. सर म्हणायचे, "बसा पत्रकार, आता अमेरिकेतून माल उतरतोय." पडद्यावर आकडे पळत असायचे. मला तेव्हा त्या आकड्यांपेक्षा एका गोष्टीचं नवल वाटायचं. आपल्या गल्लीतल्या माणसाची अमेरिकेतल्या एका मशीनमध्ये हक्काची जागा आहे, आणि तिचं भाडं वर्षाला हजार-दीड हजार!

एवढं स्वस्त कसं, याचाही इतिहास आहे आणि त्याचा मोठा भाग मुंबईत घडला. परदेशी होस्टिंगला क्रेडिट कार्ड लागायचं, जे आपल्याकडं बँक मॅनेजरकडंही नसायचं. भाविन आणि दिव्यांक तुरखिया या मुंबईच्या दोन भावांनी १९९८ साली डायरेक्टी ही कंपनी काढली. वडिलांकडून पंचवीस हजार उसने घेऊन सुरुवात केली, असं त्यांनीच मुलाखतींत सांगितलं आहे. त्यांची रिसेलरक्लब नावाची सेवा गिऱ्हाईकाला थेट विकण्यापेक्षा रिसेलरला विकण्यासाठी होती. म्हणजे घाऊक. रिसेलर ती जागा बारीक बारीक करून पुढं विकणार. त्यामुळं पुण्यातला, नाशिकातला, पुढं नगरातलासुद्धा एखादा पोरगा घरी बसून 'होस्टिंग कंपनी' झाला. त्याच्या स्टेट बँकेच्या खात्यावर पैसे भरा, स्लिपचा नंबर फोनवर सांगा, संध्याकाळी युजरनेम-पासवर्ड हजर. २०१४ मध्ये डायरेक्टीनं हा होस्टिंग आणि डोमेनचा धंदा एन्ड्युरन्स या अमेरिकी कंपनीला विकला. आपल्या रिसेलरला आणि त्याच्या गिऱ्हाईकाला काही फरक जाणवला नाही. पण साखळी केवढी लांब होती बघा: अमेरिकेतलं मशीन, त्याच्यावर कंपनी, तिच्याखाली घाऊक विक्रेता, त्याच्याखाली पोरगा, आणि सगळ्यात खाली आपण.

स्वस्ताईचं दुसरं कारण एका शब्दात होतं: अनलिमिटेड. एका मशीनवर शेकडो गिऱ्हाईकं बसवायची आणि प्रत्येकाला सांगायचं की कितीही वापर. एसटीच्या पासासारखं, सगळे पासवाले एकाच दिवशी एकाच गाडीत चढत नाहीत, या भरवशावर चाललेलं. ज्याची साईट म्हणजे चार पानं आणि एक फोटो, त्याला ते अनलिमिटेड खरंच होतं. जो रात्रंदिवस फाईली ओढतो, त्याच्यासाठी बारीक अक्षरात नियम असायचे. ही जागा फक्त वेबसाईटसाठी आहे, फाईली साठवायला नाही; मशीनची ताकद एवढ्यापेक्षा जास्त खाल्ली तर खातं बंद; फाईलींची संख्या अमुक झाली तर खातं बंद. सरांना पहिली नोटीस तिसऱ्या की चौथ्या महिन्यात आली. चोवीस तासांत जागा रिकामी करा. सरांनी एका रात्रीत जेवढं खाली आणता आलं तेवढं आणलं, उरलेलं गेलं. त्यानंतर त्यांनी एक शिस्त लावून घेतली. जे खाली येईल ते त्या आठवड्यातच डीव्हीडीवर. वर मार्करनं तारीख. भाड्याच्या जागेत काहीही मुक्कामाला ठेवायचं नाही, हे त्यांना तेव्हाच पटलं होतं. आम्हा पेपरवाल्यांच्या धंद्यात हे कुणाच्या डोक्यातही नव्हतं.

काय उतरवायचे लोक? उगाच सोवळं कशाला. पिक्चर. गाणी. सॉफ्टवेअर, ज्याची किंमत भरायची कुणाची ऐपत नव्हती आणि खरं तर इच्छाही नव्हती. कायद्यानं ती चोरी होती आणि आजही आहे. ज्याचा घाम गेला त्याला दमडी मिळाली नाही, हे खरंच आहे. २०१६ मध्ये 'सैराट' आला तेव्हा थिएटरला गर्दी असतानाच मोबाईलच्या दुकानात तो मेमरी कार्डात भरून मिळत होता. सिनेमाची नागराज मंजुळे यांनी धरलेली माती आपल्या शेजारच्या करमाळ्याची. ती पायरसी आपल्या अंगणात झाली. पण त्याच सर्व्हरवरून इंजिनिअरिंगच्या पोरांनी लिनक्स उतरवलं, जे कायदेशीर फुकट आहे. (उबुंटूवाले तर तेव्हा मागेल त्याला पोस्टानं फुकट सीडी पाठवायचे. परदेशी तिकिटाचं पाकीट आलं की पोस्टमन दोनदा नाव विचारायचा. २०११ ला त्यांनी ते बंद केलं.) भरतीच्या जाहिराती, जुन्या प्रश्नपत्रिका, शासन निर्णय, हे सरांच्या क्लासला रोज लागायचं. आणि आमचं साप्ताहिक. कारण त्यात जाहिराती आणि जिल्हा परिषदेच्या नोटिसा असायच्या. दर शनिवारी रात्री सरांचा प्रोग्राम आमच्या साईटवरून नव्या अंकाची पीडीएफ आपोआप ओढून घ्यायचा. तेव्हा आम्हाला ते गमतीचं वाटायचं.

हो, आमचीही साईट होती. २००८ ला सुरू झाली. साईट कसली, तारखांची यादी आणि प्रत्येक तारखेसमोर अंकाची पीडीएफ. त्यालाही कारण होतं. आमचा मजकूर श्रीलिपीत, पानं पेजमेकरमध्ये. ती अक्षरं दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नसेल तर कचरा दिसायची. मोठी दैनिकंसुद्धा तेव्हा वाचकाला आधी आपला फॉन्ट उतरवायला लावायची. युनिकोडमध्ये सगळं पुन्हा टाईप कोण करणार? म्हणून पानाचीच पीडीएफ. तिच्यात शोधून काही सापडायचं नाही, पण पान जसंच्या तसं दिसायचं. पुण्याला, मुंबईला, दुबईला गेलेली गावची माणसं फोन करायची, "अंक टाकला का?" मालकांना एवढा आनंद झाला की २०११ पासून त्यांनी वर्षाची फाईल बांधून घेणं बंद केलं. बायंडर पैसे वाढवून मागत होता, कपाटाला वाळवी लागली होती, आणि "साईटवर आहेच की." हे वाक्य त्या काळात जिल्ह्यातल्या कितीतरी ऑफिसांत बोललं गेलं असेल.

२०१७ च्या उन्हाळ्यात एका सकाळी साईट उघडेना. आमचं भाडं भरलेलं होतं, पावती होती. ज्याच्याकडून जागा घेतली त्या विक्रेत्याचा फोन बंद. वरच्या कंपनीला लिहिलं तर उत्तर आलं की तुम्ही आमचे ग्राहक नाही, तुमचा विक्रेता आमचा ग्राहक, आणि त्याचं खातं थकबाकीमुळं बंद झालं आहे. ठरावीक दिवसांनंतर डेटा पुसला जातो. तो पुसलाही गेला होता. नाव घेत नाही. तो पोरगाही कर्जबाजारी होऊन गाव सोडून गेला असं पुढं कळलं. नऊ वर्षांचे अंक त्याच्याबरोबर गेले.

हे फक्त आपल्यासारख्या खेड्यापाड्यातल्यांचंच होतं असं समजू नका. १९ जानेवारी २०१२ ला अमेरिकेनं मेगाअपलोड ही रॅपिडशेअरसारखीच साईट बंद पाडली. आरोप पायरसीचे होते. पण तिथं स्वतःच्या लग्नाचे फोटो आणि ऑफिसची कागदपत्रं ठेवणारेही लोक होते. मेगाअपलोडचे बहुतेक सर्व्हर स्वतःचे नव्हतेच, तेही भाड्याचे! नेदरलँड्सच्या लीजवेब या कंपनीनं २०१३ मध्ये त्यातले सहाशेवर सर्व्हर पुसून दुसऱ्यांना दिले, कारण भाडं यायचं बंद झालं होतं. याहूनं जिओसिटीज बंद केलं २००९ ला, त्यात जगभरची हौशी पानं गेली. रॅपिडशेअर स्वतः ३१ मार्च २०१५ ला बंद झालं. १० मार्च २०२१ ला फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्गला ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली, एक इमारत अख्खी जळाली. ज्यांनी बॅकअप त्याच इमारतीत ठेवला होता त्यांचं दोन्ही गेलं. आणि आपल्या देशातलं उदाहरण नेट४इंडियाचं. डोमेन विकणारी जुनी, नावाजलेली कंपनी. दिवाळखोरीच्या कारवाईत अडकली, गिऱ्हाईकांना नूतनीकरण करता येईना, फोन कुणी उचलेना. शेवटी डोमेनची जागतिक संस्था आयकॅननं २०२१ मध्ये तिची मान्यता काढली आणि तिच्याकडची नावं पब्लिक डोमेन रजिस्ट्रीकडं सोपवली. ही रजिस्ट्री मूळ डायरेक्टीच्या घरातलीच.

कंपनी बुडणं, आग लागणं, पोलीस येणं, भाडं थकणं. कारणं वेगळी, गिऱ्हाईक तेच.

आता कुणी म्हणेल, गेले एका साप्ताहिकाचे अंक, त्यात एवढं काय? वाढदिवसाच्या जाहिराती आणि पुढाऱ्यांचे फोटो! अर्धं पान तेच असायचं, कबूल. पण उरलेल्यात काय होतं ते सांगतो.

२०१२-१३ चा दुष्काळ आठवा. छावण्या आपल्याच जिल्ह्यात केवढ्या होत्या. कुठल्या गावी कुणाची छावणी, किती जनावरं दाखवली, टँकरच्या खेपा किती लिहिल्या आणि किती आल्या, चारा कुठून आला, हे आम्ही आठवड्याला छापत होतो. मोठ्या दैनिकात एका गावाला एक ओळ मिळायची, आमच्याकडं अर्धा रकाना. २०१९ ला पुन्हा छावण्या उघडल्या तेव्हा गावागावातली माणसं विचारायला आली, मागच्या वेळी काय झालं होतं, दाखवा. दाखवायला काही नव्हतं. आठवण होती, आणि आठवण कुणी पुरावा म्हणून घेत नाही.

त्याहून जड गोष्ट. जानेवारी २०१३ ला सोनई. एप्रिल २०१४ ला खर्डा. ऑक्टोबर २०१४ ला जवखेडे. या गावांची नावं देशभर गेली ती चांगल्या कारणानं नाही गेली. खर्ड्याच्या खटल्यात नोव्हेंबर २०१७ मध्ये नगरच्या सत्र न्यायालयात सगळे आरोपी निर्दोष सुटले. साक्षीदार फितूर झाले होते. कोर्टाचं कोर्टाकडं, वर्तमानपत्राची बातमी म्हणजे साक्ष नव्हे, हे मला माहीत आहे. पण पहिल्या आठवड्यात गावातली माणसं काय बोलत होती, कोण बोलत होतं आणि कोण दार लावून घेत होतं, याची नोंद जिल्ह्यातल्या छोट्या पत्रांनी केली होती. पुण्या-मुंबईचे वार्ताहर येण्याआधी. साडेतीन वर्षांनी माणसं काय बोलली ते निकालपत्रात आहे. आधी काय बोलली होती, ते आमच्यासारख्यांच्या अंकात होतं.

२०१७ नंतर मी अंक गोळा करायला लागलो. २००८ ते २०१० च्या बांधलेल्या फाईली होत्या, वाळवीनं कडा खाल्लेल्या पण वाचण्याजोग्या. २०१५ आणि १६ चे बरेच अंक पानं लावणाऱ्याच्या जुन्या ईमेलमध्ये सापडले, कारण तो छापखान्याला पीडीएफ मेलनं पाठवायचा. मधल्यासाठी सरांकडं गेलो. सरांनी माळ्यावरून दोन खोकी काढली. पिक्चरच्या डीव्हीड्यांमध्ये, लिनक्समध्ये, तलाठी भरतीच्या प्रश्नपत्रिकांमध्ये, मार्करनं तारीख घातलेले आमचे शनिवार. निम्म्या डीव्हीड्या वाचल्या जात नव्हत्या, त्यांना बुरशीसारखे डाग आले होते. ज्या चालल्या त्यातून २०११ चे जवळजवळ सगळे आणि २०१२ च्या मे महिन्यापर्यंतचे अंक मिळाले. मेगाअपलोडनंतर होस्टिंगवाले धास्तावले होते, सरांचं खातं त्याच मे महिन्यात कायमचं बंद झालं. तिथून पुढं शनिवारी रात्री आमचा अंक ओढून घेणारं कुणी नव्हतं.

म्हणजे भोक आहे ते जून २०१२ ते डिसेंबर २०१४. दुष्काळ त्यात, सोनई त्यात, खर्डा त्यात, जवखेडे त्यात.

हा जिल्हा वर्तमानपत्रांच्या बाबतीत कधी मागास नव्हता. 'ज्ञानोदय' जून १८४२ मध्ये अहमदनगरलाच सुरू झाला, अमेरिकन मराठी मिशननं काढलेला. मुकुंदराव पाटलांनी १९१० मध्ये 'दीनमित्र' सुरू केला आणि नेवासे तालुक्यातल्या तरवडीसारख्या खेड्यातून सत्यशोधकांचं ते पत्र १९६७ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, चालवलं. तरवडीत स्वतःचा छापखाना टाकून! मुकुंदराव हे 'दीनबंधु'कार कृष्णराव भालेकरांचे चिरंजीव, तरवडीला दत्तक आलेले. खेड्यात छापखाना म्हणजे खिळे, शाई, कागद, सगळं बाहेरून आणायचं. पण एकदा छापलेला अंक शेकडो घरांत जायचा आणि एखाद्या घरात तरी माळ्यावर उरायचा. म्हणून आज अभ्यासक 'दीनमित्र' वाचू शकतात. नेवाशाचीच दुसरी गोष्ट त्याहून सहाशेवर वर्षं जुनी आहे. ज्ञानेश्वरी तिथं १२९० साली लिहून झाली. ती मूळ प्रत आज कुणाकडं नाही. आपल्यापर्यंत पोचल्या त्या नकला, आणि नकलांत शिरलेल्या चुका काढून एकनाथांनी १५८४ मध्ये शुद्ध केलेली प्रत. आमच्या अंकाची नक्कल करणारे एकटे सर होते, आणि त्यांचा हेतू तलाठी भरतीचा होता.

छापील अंकासाठी निदान कायदा आहे. १९५४ च्या कायद्यानं प्रकाशकानं प्रत्येक पुस्तकाची, आणि १९५६ च्या दुरुस्तीनंतर वर्तमानपत्राचीही, प्रत राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि इतर ठरवून दिलेल्या मोठ्या ग्रंथालयांना पाठवायची. कोण किती पाळतं हा वेगळा विषय. वेबसाईटला, पीडीएफला, यूट्यूब चॅनेलला हा कायदा लागू नाही. आज आपल्या जिल्ह्यातली निम्मी बातमी मोबाईलवरच जन्मते आणि तिची एकही प्रत कुठं जमा होत नाही.

सरांनी जे नकळत केलं ते जाणूनबुजून आणि प्रचंड प्रमाणात करणारा एक माणूस आहे, त्याचं नाव मराठी वाचकांनी लक्षात ठेवायला हवं. कार्ल मालामुद, अमेरिकेतला. आपल्या सरकारच्या डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया प्रकल्पात लाखो जुनी पुस्तकं स्कॅन झाली होती, त्यात मराठीही भरपूर. ती साईट कधी चालायची, कधी नाही. मालामुदनं तिथली चार लाखांवर पुस्तकं उतरवून घेतली आणि इंटरनेट आर्काइव्हवर चढवली. २०१७ च्या सुमारास मूळ साईट कॉपीराईटचं कारण देऊन बंद झाली. तुम्ही आज व्हॉट्सअॅपवर शंभर वर्षांपूर्वीच्या ज्या मराठी पुस्तकाची पीडीएफ पुढं ढकलता, ती बहुधा या उतरवलेल्या साठ्यातली असते. त्यातल्या काही पुस्तकांचे हक्क संपलेले नव्हते, हा आक्षेप खरा आहे आणि तो सोडवायलाच हवा. पण ज्यांचे हक्क केव्हाच संपले होते त्या पुस्तकांना दुसरं घर मिळालं ते यामुळंच.

सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं आणि दोन ते आठची रात्र संपली. आता कुणी काही उतरवून ठेवत नाही. गरज काय, सगळं वर आहेच की. पुन्हा तेच वाक्य. साप्ताहिकं अंकाची पीडीएफ व्हॉट्सअॅपवर सोडतात, पोर्टलवाले हजार-दोन हजारांचं होस्टिंग घेऊन बातमी टाकतात, निवडणूक झाली की भाडं भरत नाहीत. गेल्या दोन वर्षांत मी जिल्ह्यातली अशी पोर्टलं पाहत आलोय. उघडायला जावं तर त्याच पत्त्यावर जुगाराची जाहिरात. ही पोस्टसुद्धा मी जिथं लिहितोय ती जागा भाड्याचीही नाही, फुकटची आहे. फुकटच्या भाडेकरूला तर नोटीसही देत नाहीत.

म्हणून सध्या एवढं करतोय. जे अंक मिळाले ते एका हार्ड डिस्कवर घरी, दुसरीवर भावाकडं संगमनेरला, आणि मालकांच्या लेखी परवानगीनं इंटरनेट आर्काइव्हवर, वर्ष-महिना नावात घालून. खर्च दोन हार्ड डिस्कचा. आणखी दोन साप्ताहिकांच्या मालकांशी बोललोय, एक तयार आहेत, दुसरे म्हणाले विचार करून सांगतो.

आता काम तुमच्याकडं. जून २०१२ ते डिसेंबर २०१४ मधला जिल्ह्यातल्या कुठल्याही साप्ताहिकाचा अंक कुणाकडं असेल, कागदावर, सीडीवर, जुन्या पेन ड्राइव्हमध्ये, सरकारी फाईलीत लावलेलं कात्रण, दुकानात पुड्या बांधायला आणलेली रद्दी, काहीही, तर मेसेज करा. छावणीची बातमी असलेला अंक आधी. मी येऊन फोटो काढून नेतो, मूळ अंक तुमच्याकडंच राहील. डीव्हीडी असेल आणि घरी लावायला काही नसेल तरी फेकू नका. माझ्याकडं डीव्हीडी वाचणारा एक जुना ड्राइव्ह अजून चालू आहे.